व्याख्यानासाठी कोण निवडावा: चुर्कु की कोआंडा?

विज्ञान दिनाला जेट इंजिनाच्या आद्य संशोधकांवर बोलायचं ठरलं की रोमानियातली दोन नावं हमखास पुढे येतात: अलेक्झांड्रू चुर्कु आणि हेन्री कोआंडा. मी दोघांवरही बोललो आहे, म्हणून हे टिपण.

सोय बघितली तर कोआंडाच. बुखारेस्टच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, छायाचित्रं भरपूर, शिवाय प्रयोग हाताशी. चमचा दांड्याला सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला टेकवा. धार त्याला ढकलत नाही, उलट आत ओढून घेते आणि पाणी वळणाला चिकटून वळतं. हाच कोआंडा परिणाम. मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात.

अडतं ते विमानापाशी. १९१०च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं प्रोपेलर नसलेलं विमान मांडलं; पुढच्या नळकांड्यातला पंखा पिस्टन इंजिनावर फिरायचा, एवढं नक्की. पंख्यातून सुटणाऱ्या हवेच्या झोतात इंधन जाळलं आणि डिसेंबरमध्ये विमान उडालं, हे त्यानं सांगितलं कित्येक दशकांनंतर. गिब्ज-स्मिथसारख्या इतिहासकारांनी ते मानलं नाही. मग सगळी प्रश्नोत्तरं ‘उडालं की नाही?’ यातच संपतात आणि तत्त्व राहतं बाजूला. मला हे फार खटकलं. चुर्कुकडे वळलो ते यामुळेच.

चुर्कु पेशानं पत्रकार. बुखारेस्टमध्ये फ्रेंच दैनिक चालवायचा. १८८५मध्ये सरकारनं हद्दपार केलं, तेव्हा फ्रेंच सहकारी ज्युस्त ब्युइसाँबरोबर तो पॅरिसला आला. पुढच्याच वर्षी दोघांनी सीन नदीत होडी उतरवली. बंद पात्रात हवेशिवाय जळणारं मिश्रण, मागच्या तोटीतून सुटणारा वायू. ना वल्हं, ना शीड, तरी होडी प्रवाहाविरुद्ध गेली. इथे न्यूटनचा तिसरा नियम वेगळा समजवावा लागत नाही. डिसेंबरच्या चाचणीत स्फोट झाला आणि ब्युइसाँ गेला. चुर्कुनं काम सोडलं नाही, पुढे रुळांवरच्या गाडीवरही प्रयोग केले.

त्याची छायाचित्रं कमी मिळतात, हे खरं. लहान वर्ग आणि दहा-पंधरा मिनिटंच असतील तर चमचा बरा. पण नववी-दहावीला तासभर मिळणार असेल तर मी चुर्कुच घेईन. स्फोटापाशी वर्ग गप्प होतो आणि मग प्रश्न येतात ते इंजिनाचे: आतला दाब कळायचा कसा? जळण मध्येच थांबवता यायचं का?