बाबांचा कॅमेरा घेणाऱ्यानेच मला त्याची किंमत सांगितली

आधी सरळ सांगते. बाबांचा रोलीफ्लेक्स मी एका माणसाला जवळजवळ फुकटात दिला. त्याने तो माझ्याच टेबलाशी बसून, मला तीन दोष दाखवून नेला. त्या तिन्हींत मला फसवलं होतं. घरात जुना कॅमेरा, घड्याळ, वाद्य किंवा गाडी पडून असेल आणि गिऱ्हाईक यायचं ठरलं असेल, तर ते येण्याआधी हे वाचा.

हा कॅमेरा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. उभट डबा, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. वरचं फक्त बघायला, फोटो निघतो तो खालच्या भिंगातून. जर्मनीत ब्राउनश्वाइगला फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ साली पहिला रोलीफ्लेक्स बाजारात आणला. बाबांचा बराच नंतरचा, ३.५ एफ हे मॉडेल. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. आम्ही पोरं एकीकडे पळालो की काचेत दुसरीकडे पळायचो, आणि बाबा हसत हसत कॅमेरा चुकीच्या बाजूला वळवायचे. माझ्या लहानपणीच्या प्रत्येक फोटोमागे बाबांची ती खाली वाकलेली मान आहे.

बाबा गेल्यावर आठव्या महिन्यात घर आवरायला काढलं. ती घाईच मुळात नडली. कपाटं रिकामी करायची म्हटली की माणूस वस्तूकडे वस्तू म्हणून बघतच नाही, अडगळ म्हणून बघतो. मी जाहिरात दिली आणि दुसऱ्याच दिवशी तो आला. बोलायला अतिशय गोड. "ताई, बाबांनी फार जपलाय हो," हे त्याचं पहिलं वाक्य. मला तिथेच भरून आलं.

त्याने सगळ्यात आधी वरच्या भिंगाच्या डोक्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोनने फोटो घेतला. मग दोन मिनिटं फोनमध्ये बघत बसला. त्या क्रमांकावरून मॉडेल आणि साधारण साल कळतं, म्हणजे आपल्यापुढे काय आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मी मात्र चहा टाकायला आत गेले होते.

परत आले तर त्याच्या हातात बॅटरी. "हे बघा," म्हणाला. भिंगात तिरका उजेड टाकल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. बुरशी. "भिंग गेलं ताई." मी माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, दाखवायला माझ्या फोनवर त्याचा फोटोही काढला. बुरशी खरीच होती. कातडी केसमध्ये वर्षानुवर्षं बंद ठेवलं की ओल धरते आणि बुरशी येते. पण ती होती वरच्या भिंगात. फोटो काढणारं खालचं भिंग त्याने मला दाखवलंच नाही.

मग त्याने शटर, म्हणजे ठरल्या वेळेपुरता उजेड आत सोडणारी पाती, एका सेकंदावर लावलं आणि दाबलं. पाती उघडली आणि उघडीच राहिली. आम्ही दोघंही त्या भोकाकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने ती दमल्यासारखी मिटली. "शटरही मेलं." आता मला माहीत आहे की अशा शटरमध्ये मंद वेगांसाठी दातेरी चाकांची वेगळी साखळी असते. कॅमेरा वापराविना पडून राहिला की तिथलं तेल चिकट होतं. खोलून साफ करून नवं तेल दिलं की बहुतेक वेळा ती परत नीट चालते. त्याने सेकंदाच्या १/१२५ वर लावून दाखवलं असतं तर कदाचित चटकन टिकही ऐकू आली असती. त्याने लावलं नाही आणि मी लाव म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती अर्धी खरी होती. "कोडॅकचं २०१२ मध्ये दिवाळं निघालं, कोडाक्रोम तर २००९ लाच बंद. आता यात फिल्म कुठली घालणार?" दोन्ही सालं बरोबर आहेत, म्हणून मी गप्प बसले. पण कोडाक्रोम ही रंगीत स्लाइडची एक फिल्म. या कॅमेऱ्याला लागतो तो १२० चा रोल. तो १९०१ पासून निघतोय आणि आजही निघतो: कोडॅकचा ट्राय-एक्स, इल्फर्डचा एचपी५ प्लस, आणखीही आहेत. साधा शोध घेतला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

जाताना त्याने भिंगावर बसवायची उन्हाची टोपी, दोन पिवळे फिल्टर आणि कातडी केसही उचलली. "याचं वेगळं काय करणार तुम्ही?" मी पिशवीसुद्धा दिली.

तीन आठवड्यांनी ताईने विक्रीची जाहिरात पाठवली. केसच्या पट्ट्याला बाबांनी घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका फोटोत स्पष्ट दिसत होता. खाली लिहिलं होतं, "फोटोचं भिंग स्वच्छ, सर्व वेग अचूक." मला मिळाले त्याच्या नऊपट पैसे मागितले होते. तेव्हा मी फोनमधला तो बुरशीचा फोटो मोठा करून पाहिला. भिंगाच्या कडेवर अक्षरं होती हायडोस्मॅट. ते बघायच्या भिंगाचं नाव. खालच्यावर प्लॅनार किंवा झेनोटार असतं.

मी फोन केला. आवाज तोच, फक्त आता मी त्याची ताई नव्हते. "व्यवहार झालाय मॅडम, तुम्ही खुशीने दिलात." माझ्याकडे ना पावती, ना क्रमांकाची नोंद, ना विकण्याआधीचा धड फोटो. सगळ्या नोंदी त्याच्या फोनमध्ये. म्हणून तळमळून सांगते: गिऱ्हाइकाने वस्तू हातात घेण्याआधी तुम्ही तिचा क्रमांक लिहून घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा, आणि जो ती विकत घेणार नाही अशा जाणकाराला दाखवा. दुरुस्ती करणारा म्हातारा कारागीर सगळ्यात उत्तम. जो घेणार आहे, त्याच्याकडून दोष ऐकून भाव ठरवू नका. जुन्या गाडीचंही असंच होतं. थंड इंजिनाचा खडखडाट ऐकवून "इंजिन काढावं लागेल" म्हणणारा आणि तीच गाडी चालवत घेऊन जाणारा एकच असतो. आणि माणूस जाऊन वर्षही झालं नसेल तर त्याचं काही विकूच नका. कपाट भरलेलं राहू द्या.

पैशांचं मी कदाचित विसरले असते. पण नंतर बाबांच्या खणात एक चिठ्ठी सापडली. प्रत्येक रोलची ते अशी चिठ्ठी ठेवायचे: पेन्सिलने बारा आकडे, पुढे काय टिपलं, किती उजेड, कोणता वेग. या चिठ्ठीवर सहाच ओळी भरलेल्या होत्या. एक ते चार, "ही, खिडकीत." पाचवी, "हीच, हसली." सहावी, "हिचे हात." सातपासून पुढे कोरं.

आणि मला आठवलं, कॅमेऱ्याच्या बाजूच्या खिडकीत सातचा आकडा होता. तो मला रोज दिसत होता. रोल आत असल्याशिवाय तो आकडा पुढे सरकतच नाही, आणि मागचं झाकण उघडलं की शून्यावर येतो. जुना काळा-पांढरा रोल वर्षांनंतरही धुता येतो, बऱ्याचदा त्यावर काही ना काही उमटतं. मी त्याला पुन्हा फोन केला, पैसे नकोत, कॅमेरा नको, फक्त रोल द्या म्हटलं. "आत काही नव्हतं," म्हणाला आणि फोन ठेवला. जाहिरातीतला तो बाजूचा फोटो मी मोठा करून पाहिला. आकडा शून्य आहे.

चिठ्ठी मी आईला दाखवली. तिने चष्मा लावून सहाही ओळी वाचल्या, मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "हातांचा कधी काढला त्यांनी? मला तर कळलंच नाही."