हिटरची 'नवी' कॉइल

उरुळी कांचनच्या आसपास कुणी केबिनचा ट्रॅक्टर वापरत असेल तर हे वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, हातात पुरावा म्हणून एक कच्ची चिठ्ठीच आहे.

शेतीची वीज रात्रीची, त्यात उसाची वाहतूक. डिसेंबरात पहाटे तीनला काचेवर दव धरायचं आणि हिटर लावला की कोमट फुंकर यायची, बस. सोलापूर रोडवरच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने ब्लोअरपुढे हात धरला, म्हणाला, "दादा, कॉइल चोक झालीय. नवीनच टाकावी लागेल." साडेनऊ हजार मजुरीसकट. नाना पेठेतून माल आणला म्हणे. जुनी कॉइल मागितली तर "भंगारवाला घेऊन गेला" म्हणाला. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

घरी येताना पुन्हा तीच कोमट फुंकर.

मग सासवडच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे नेला. त्यांनी काहीच खोललं नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करायला लावलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभे राहिले. पाइप लगेच हळूहळू कोमट व्हायला लागला. "थर्मोस्टॅट नाहीये यात," म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप. ती असली तर पाणी साधारण 82 अंशांपर्यंत इंजिनातच फिरतं. पाइप बराच वेळ गार राहतो, मग एकदम चटका बसतो. आणि खरंच, तापमानाच्या गेजचा काटा कधी पाव भागापुढे जातच नव्हता. मी महिनोन् महिने तो काटा बघून खूश होतो, इंजिन गार राहतंय म्हणून!

हिटरला वेगळी आग नसते हो. इंजिनाचंच गरम पाणी कॉइलमधून फिरतं. इंजिनच तापलं नाही तर कॉइल सोन्याची बसवली तरी काय उपयोग. वर डिझेल जास्त जातं आणि इंजिन झिजतं ते वेगळंच.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत रिकामं. सहाशे रुपयांचा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरून हवा काढली आणि हिटर असा तापला की दार उघडावं लागलं.

राहिली ती 'नवी' कॉइल. फिटरकाकांनी बाहेर काढून कोपऱ्यावर नखाने काळा रंग खरवडला. खाली पितळी डाग, म्हणजे झाळलेला जोड, दिसला. तो डाग मीच तीन वर्षांपूर्वी देऊन आणला होता. माझीच कॉइल, रंग मारून मलाच विकलेली.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन लावायचा विचार केला, पण चिठ्ठीवर ना नाव, ना नंबर, ना जीएसटी. तेव्हा पक्कं बिल आधी ठरवा, आणि काढलेला पार्ट समोर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणतो, "दादा, थर्मोस्टॅट मे महिन्यात मीच काढला होता. गाडी गरम होतेय म्हणून तुम्हीच आला होतात ना?"