इन्स्टाग्राम की व्हॉट्सअ‍ॅप चॅनल: सांगलीतल्या तरुणांच्या संस्थेने आधी काय धरावं?

"ताई, आमचं पेज चालत नाही, काय करू?" तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडची पोरं मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. संस्था नोंदलेली असते, अभ्यासिका नीट चालते, रक्तदान शिबिरं होतात. पेजवर जाऊन बघावं तर गेल्या गणपतीतल्या शुभेच्छा आणि खाली सहा लाईक, तेही आपल्याच कार्यकर्त्यांचे. मी सांगलीतल्या अशाच एका संस्थेचं सोशल मीडियाचं काम बघते. आम्हीही सुरुवातीला फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप असं सगळं एका दमात उघडलं आणि चारही अर्धवट राहिली. म्हणून इथे एवढंच तोलून बघते, की हाताशी दोन-तीन कार्यकर्ते आणि आठवड्याचे चार-पाच तास असतील तर ते कुठे घालावेत.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की कोण यायला हवंय? "तरुण" एवढं उत्तर पुरत नाही. जतहून विश्रामबागेत शिकायला आलेली एकोणीस वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामवर असते. तिला दोन दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवायचं की नाही हे जिच्या हातात असतं ती तिची आई व्हॉट्सअ‍ॅपवर असते. आणि शिबिराच्या जेवणाचा खर्च उचलू शकणारे, पुण्यात स्थायिक झालेले मूळचे सांगलीकर काका फेसबुकवर. या तिघांसाठी एकच पोस्टर केलं की ते तिघांनाही परकं वाटतं.

इन्स्टाग्राम

अनोळखी माणसापुढे तुम्हाला नेऊन उभं करण्यात इन्स्टाग्रामचा हात कुणी धरणार नाही. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स भारतात सुरू झाले, आणि आता फॉलोअर किती यापेक्षा लोक रील किती वेळ बघतात, मित्राला पाठवतात का, यावर ती पुढे जाते. नव्या, छोट्या संस्थेसाठी ही चांगली गोष्ट आहे.

पण यात आम्ही एक चूक केली होती. आयर्विन पुलावर संध्याकाळच्या उजेडात एक रील केली. १९२९ चा दगडी पूल, खाली कृष्णा, वरून पक्षी चाललेले. व्ह्यूज हजारांत गेले, आम्ही खूश. पुढच्या रविवारी घाटाच्या सफाईला आले ते नेहमीचेच सगळे. रील पुन्हा बघितली तेव्हा लक्षात आलं, त्यात पूल होता, गाणं होतं, पण किती वाजता, कुठे आणि काय घेऊन यायचं हे कुठेच नव्हतं. पुढच्या वेळी आमच्यातल्याच एका मुलीने फोन हातात धरून सरळ सांगितलं: "मी कुपवाडहून येते. पहिल्यांदा आले तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. रविवारी सकाळी सातला सरकारी घाटावर या, हातमोजे आम्ही देतो." व्ह्यूज कितीतरी कमी मिळाले, पण त्या रविवारी नवे चेहरे दिसले, आणि त्यातल्या दोघी आल्या-आल्या "ती रीलमधली ताई कुठंय?" म्हणून विचारत होत्या. तेव्हापासून आम्ही व्ह्यूज मोजत नाही, नवे चेहरे मोजतो.

काही बारीक गोष्टी. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक तिथे दाबून उघडत नाही. नोंदणीच्या फॉर्मची लिंक बायोमध्ये ठेवा किंवा स्टोरीला चिकटवा. कितीतरी संस्थांचे फॉर्म याच एका कारणाने रिकामे राहतात. २०२५ च्या जानेवारीपासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले, त्यामुळे जुनी चौरस पोस्टर्स दोन्ही कडांनी कापलेली दिसतात. आमच्या एका पोस्टरवर कडेला छापलेल्या फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे असेच गेले. महत्त्वाचा मजकूर मधोमध घ्या. आणि कॉलेजच्या एनएसएस युनिटबरोबर काही केलं असेल तर पोस्ट दोघांच्या नावाने टाका. कोलॅबची विनंती त्यांनी स्वीकारली की तीच पोस्ट त्यांच्याही मुलांना दिसते, आणि एका वर्गात जाऊन पत्रकं वाटण्याएवढं काम एका बोटावर होतं.

इन्स्टाग्रामची कमजोरीही तेवढीच मोठी आहे. दर आठवड्याला काही ना काही टाकावं लागतं, स्टोरी चोवीस तासांत जाते, आणि त्या मुलीच्या आईपर्यंत हे काहीच पोचत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक संस्था व्हॉट्सअ‍ॅपला सोशल मीडियात धरतच नाहीत. "ते तर आहेच" म्हणतात. आहे, पण ग्रुपच्या रूपात, आणि तिथेच घोटाळा होतो.

ग्रुपमध्ये आता १,०२४ जण बसतात आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या जुन्या शिबिराच्या ग्रुपवरून कुणीतरी एका मुलीचा नंबर उचलला आणि तिला रात्री-अपरात्री मेसेज येऊ लागले. तिने आम्हाला सांगितलं तोवर तिच्या घरी कळलं होतं आणि तिचं येणं बंद झालं. तो ग्रुप आम्ही त्याच आठवड्यात बंद केला. मुलींबरोबर काम करणाऱ्या संस्थेने नव्या, अनोळखी मुलांना उघड्या ग्रुपमध्ये घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

चॅनल, म्हणजे संस्थेने पोस्ट टाकायच्या आणि लोकांनी नुसत्या फॉलो करून वाचायच्या अशी व्हॉट्सअ‍ॅपवरची जागा, भारतात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आली. त्यात फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि "गुड मॉर्निंग"चा ढीग साचत नाही. त्याहून मोठा फायदा आम्हाला पुराच्या आठवणीने पटला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे इशारा पातळी ४० आणि धोक्याची ४५ फूट. त्या दिवसांत "बोट हवी, माणसं अडकलीत" असे मेसेज फिरत राहायचे, आणि खाली तारीख नसल्याने माणसं सुखरूप बाहेर आल्यावरही त्यावर फोन होत राहायचे. ज्याला खरी गरज होती त्याचा फोन त्या गर्दीत अडकायचा. चॅनलवरची पोस्ट फॉरवर्ड झाली तरी तिच्यावर चॅनलचं नाव राहतं, दाबलं की मूळ चॅनल उघडतं, आणि पुढे काय झालं ते वाचता येतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला होता. आपल्या जिल्ह्यात काम करायचं तर ही तयारी कोरड्या दिवसांतच व्हायला हवी. पोस्ट चॅनलची असो वा नसो, पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ घालाच.

चॅनलची अडचण अशी की ते अपडेट्सच्या टॅबमध्ये बसतं आणि सुरुवातीला त्याचा आवाज बंद असतो. फॉलो केलेला माणूस तिकडे फिरकेलच असं नाही. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे स्टेटस. आपल्याकडे स्टेटस बघितल्याशिवाय कुणाचा दिवस मावळत नाही. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, रात्री साडेआठच्या सुमारास, आमचे वीस कार्यकर्ते आपापल्या स्टेटसला तेच एक चित्र आणि चॅनलची लिंक ठेवतात. मावशी, काकू, शेजारीण, शाळेतल्या बाई, सगळ्यांना ते दिसतं, आणि ओळखीच्या पोराच्या स्टेटसवर आलेलं आमंत्रण संस्थेच्या लोगोपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. "तुझी संस्था काय रे ती? आमच्या सोनूला घेतील का?" हा फोन आम्हाला इन्स्टाग्रामवरून कधी आलेला नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीवर, विसंबू नका. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो.

फेसबुक आणि यूट्यूब

फेसबुक मेलं असं तरुण पोरं म्हणतात. देणगीदार अजून तिथेच आहेत. महिन्यातून दोनदा, चार परिच्छेद, सविस्तर: काय केलं, किती खर्च आला, पैसे कुठून आले. एवढं पुरतं. देणगी मागताना क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, अध्यक्षांच्या खात्याचा कधीही नको. ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी नोंदणी, असेल तर तेही लिहा, आणि दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही हेही आधीच सांगा. परदेशात राहणारे सांगलीकर आपुलकीने विचारतात. भारतीय नागरिकत्व असलेल्यांनी बँकेतून पाठवलेले स्वतःचे पैसे चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून घ्यायचे तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते. ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

यूट्यूब हे कपाट समजा. स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, असली व्याख्यानं तिथे ठेवली तर वर्षा-दोन वर्षांनीही कुणीतरी शोधत येतं. रोज काही टाकायच्या मागे लागू नका.

एजन्सीला द्यावं की घरच्यांनी करावं?

एजन्सीला दिलं की पोस्टर देखणी होतात आणि वेळेवर येतात. आम्ही काही महिने दिलं होतं. शिवजयंती, महिला दिन, गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन, प्रत्येक दिवशी आमच्या लोगोसह शुभेच्छा. तेच चित्र, वेगळ्या लोगोने, शेजारच्या दुकानाच्या पेजवरही. घाटावर कोण आलं होतं, अभ्यासिकेतल्या कुणाची निवड झाली, हे त्यांना कळणार कुठून? आपल्या मुलांपैकी दोघांना हे काम द्या, त्यांना प्रवासखर्च आणि इंटरनेटचा खर्च द्या, आणि महिन्यातून एकदा बसून बघा. नोंदणीकृत संस्थांना कॅनव्हाची, म्हणजे पोस्टर करायच्या ॲपची, पूर्ण सुविधा फुकट मिळते, पन्नास जणांपर्यंत. नोंदणीचे कागद जोडून अर्ज करावा लागतो. एजन्सी वर्षातून एकदा, मोठ्या कार्यक्रमाच्या व्हिडिओसाठी ठेवावी.

घरच्यांनी करण्यात एक धोका मात्र खरा आहे. आमचं पहिलं फेसबुक पेज ज्याने काढलं तो नोकरीला पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला, अकाउंट लॉक झालं, आणि पाच वर्षांचे फोटो तिथेच राहिले. त्याची काही चूक नव्हती, आम्ही दुसरा ॲडमिनच केला नव्हता. म्हणून संस्थेच्या नावाचा ईमेल, संस्थेच्या कपाटात राहणारं सिमकार्ड, प्रत्येक ठिकाणी किमान दोन ॲडमिन आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, एवढं पहिल्या दिवशी करा.

आणि फोटोंबद्दल. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती सांगितली आहे. शिबिराच्या अर्जातच फोटोच्या परवानगीची एक ओळ आणि पालकांच्या सहीची जागा ठेवा. बालगृहातल्या किंवा बाल न्याय कायद्याखाली आलेल्या मुलाची ओळख तर कुठल्याच पोस्टमधून उघड होता कामा नये. आणि वह्या-दप्तरं वाटताना ती घेणाऱ्या मुलाचा चेहरा दाखवूच नये. तो उद्या त्याच वर्गात बसणार असतो.

आता निवडायचं झालं तर. तुमचं काम खेड्यापाड्यात, शाळकरी मुलांबरोबर किंवा मुलींबरोबर असेल तर चॅनल आणि स्टेटस हेच मुख्य धरा, इन्स्टाग्राम पुढच्या वर्षी. सांगली-मिरजेच्या कॉलेजांतून स्वयंसेवक हवे असतील तर इन्स्टाग्राम पुढे आणि चॅनल मागे, म्हणजे रीलने माणूस आणायचा आणि चॅनलवर टिकवायचा. पैसे उभे करणं हीच निकड असेल तर सहा महिने फेसबुकवर सातत्याने हिशेब मांडा, बाकीचं सोडून द्या. एकाच वेळी दोनांपेक्षा जास्त ठिकाणं हातात घेऊ नका.

चॅनल आजच काढलंत तर त्याच्या लिंकचा क्यूआर मोठा छापून अभ्यासिकेच्या दाराशी, चपला काढतात त्या जागेच्या बरोबर वर चिकटवा. दिवसातून दोनदा प्रत्येक पोरगं तिथे थांबतंच.