कापूस वेचणीच्या तोंडावर गुडघा: सुई घ्यावी की फिजिओथेरपी?

दसऱ्याच्या आधी माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं मागणं ठरलेलं असतं. "बापू, येकच सुई सांगून द्या ना डाक्तरले. दिवाळीलोक पुरली पाहिजे." मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करतो, सुई देणं माझं काम नव्हे. शिवाय धंदा माझा, त्यामुळे माझं पारडं व्यायामाकडे थोडं झुकणारच, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी एक घोळ. सांध्यात द्यायची स्टिरॉइडची सुई आणि गावात कुल्ल्यावर टोचली जाणारी सुई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत काय असतं ते घेणाऱ्याला माहीत नसतं. तीच गत पुडीतल्या गोळ्यांची. तोंड सुजल्यासारखं गोल झालं, साखर वाढली, मग कळतं. ती या तुलनेत धरलेलीच नाही.

सांध्यातली सुई मात्र खरी आहे आणि गुणही देते. दुखणं लवकर उतरतं, काही आठवडे बरे जातात. प्रश्न त्यानंतरचा आहे. अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत 156 गुडघेदुखीच्या रुग्णांवर हाच सामना लावला गेला आणि त्याचा निकाल 2020 मध्ये छापून आला. निम्म्यांना सुई, निम्म्यांना फिजिओथेरपी. दुखणं, आखडणं आणि कामातली अडचण मिळून 240 पैकी गुण मोजले. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सुरुवातीला दोन्ही गट 108 च्या आसपास होते. वर्षाने सुईवाले 55.8 वर आले, फिजिओथेरपीवाले 37 वर. म्हणजे सुईने काहीच झालं नाही असं नाही, पण वर्षाचा हिशेब केला तर व्यायाम पुढे.

दर तीन महिन्यांनी सुई घेत राहिलं तर? 2017 च्या एका अभ्यासात 140 जणांना दोन वर्षं अशा सुया दिल्या, कोणाला स्टिरॉइडच्या, कोणाला नुसत्या मिठाच्या पाण्याच्या. दुखण्यात फरक पडला नाही, पण स्टिरॉइडवाल्यांची कुर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, जवळपास दुप्पट झिजली. म्हणून एखादी सुई आणि सुयांची सवय यांत मी फरक करतो. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर चढते, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

"गादी झिजली, आता व्यायामानं अजून घासंल नं?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. कुर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर भार पडला आणि सुटला की सांध्यातलं पाणी आतबाहेर होतं, तेच तिचं खाणं. आणि मांडीचा पुढचा स्नायू दमदार असेल तर पावलाचा धक्का तो झेलतो, एकट्या गुडघ्यावर येत नाही. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे. नाही ओसरलं तर व्यायाम बंद करू नका, कमी करा.

वजनाचंही एक मोजमाप आहे: अंगातलं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आमच्या बायकांत उतरवायला वजन फारसं नसतंच. पण कमरेला बांधलेली कापसाची ओटी असते की! ती गच्च भरेपर्यंत सरीतून ओढत नेण्यापेक्षा अर्ध्यावर बांधावर रिकामी केलेली बरी. किलोवर मजुरी असताना हे बोलणं सोपं आहे, ते मला कळतं.

फिजिओथेरपीची खरी अडचण पैसा नाही, दिवस आहे. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, पण खेप झाली की त्या दिवसाची मजुरी बुडते. त्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या दीड महिन्यात आठ खेपांपर्यंत मुभा होती. आमच्याकडे तीन-चार जमल्या तरी पुष्कळ. उरलेलं घरी करावं लागतं आणि ते होत नाही, म्हणून लोक सुईकडे वळतात. यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

दुर्बिणीने गुडघा "साफ" करून घेण्याचं खूळ आता तरी सोडा. 2002 मध्ये 180 जणांवर खरी आणि नुसत्या चिरा देऊन खोटी शस्त्रक्रिया करून पाहिली. दोघांना सारखाच आराम. गुडघा बदलणं मात्र शेवटच्या टप्प्याला उपयोगाचं आहे. फक्त नंतर उकिडवं बसणं, म्हणजेच निंदण आणि गावचा संडास, अवघड होतं.

गुडघा लाल होऊन ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर हे सगळं सोडून आधी डॉक्टरकडे जा.

अलीकडेच आलेल्या एका काकूंना मी सुई घेऊ नका म्हटलं नाही. हंगाम हातचा जाऊ द्यायचा नव्हता. त्यांनी एक घेतली, आणि दुखणं उतरलेल्या त्याच आठवड्यात, उठायला सोपं जावं म्हणून, बाजेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. हात छातीशी धरून उठायचं, सावकाश बसायचं, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, "बापू, येक येक ईट काढली."