पहिला कुठला उघडावा: आग्फा क्लिक-३, झेनिट-ई की पेन्टॅक्स के-१०००?

जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करायची हौस असेल तर आधी ठरवा, जीव स्क्रू-ड्रायव्हरमध्ये जास्त आहे की रोलमध्ये.

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घरांचे माळे आवरताना आग्फा क्लिक-३ हमखास निघतो. १२० नंबरचा रुंद रोल, चौकोनी १२ फोटो. पण आत साधं भिंग, शटरची चकती आणि स्प्रिंग, एवढाच संसार. पुसापुशी केली की दुरुस्ती संपली. हात बसायला ठीक, शिकण्यासारखं फारसं नाही.

झेनिट-ई हा सोव्हिएत गडी, १९६५ पासूनचा. जड, ओबडधोबड, आणि म्हणूनच शिकाऊ माणसाला बरा. शटर १/३० ते १/५०० सेकंद. त्याहून मंद वेगच नाहीत, त्यामुळे त्यासाठी लागणारी नाजूक चक्रंही नाहीत. प्रकाश मोजणारा मीटर सेलेनियमचा, बॅटरी लागत नाही. पण तो मंदावलेला असतो, त्याच्या नादी लागू नका. खरी मजा त्याच्यासोबत येणाऱ्या हेलिओस लेन्सची. जुनं ग्रीस सुकून फोकसची रिंग घट्ट होते. आटे ज्या जागी सुटतात, नेमकी तिथे दोन्ही रिंगांवर सुईने खूण करा. ती चुकली की लांबचं काही स्पष्ट दिसणार नाही, मग बसा एकेक आटा लावून बघत. शटरच्या कापडी पडद्यांचा ताण मात्र लगेच छेडू नका. आधी मागचं झाकण उघडून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने शूट करा: १/३० ला पडदा साधारण ८ फ्रेम उघडा दिसायला हवा.

के-१००० (१९७६ ते १९९७) फोटो काढायला तिघांत सरस. बॅटरी फक्त मीटरला. महागही तोच, म्हणून शिकण्यासाठी उघडायला जीव होत नाही. बहुतेकदा मागच्या झाकणाच्या कडेचा आणि आतल्या आरशाजवळचा चिकट झालेला फोम खरवडून नवा लावला की भागतं, एकही स्क्रू न काढता. कण आरशावर पडले तर फुंकणीने उडवा, पुसू नका. स्क्रू काढायचेच झाले तर जपानी मापाचा ड्रायव्हर घ्या. साध्या फिलिप्सने डोकी झिजतात.

ठाण्याच्या पावसाळ्यात तिघांचा शत्रू एकच, बुरशी. विकत घेताना लेन्समधून टॉर्च मारून बघा. चामडी कव्हर ओल धरतं, ते वेगळं ठेवा. कॅमेरा सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात.

माझं मत झेनिटला. घरातूनच के-१००० मिळत असेल तर फोम बदला आणि सरळ रोल भरा. याशिका इलेक्ट्रो ३५ च्या देखणेपणावर भाळू नका, त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, शिकाऊ हातांचं काम नाही.