जुन्या एअर रायफलची ढिली रिअर साइट: थ्रेडलॉकर, पत्र्याची पट्टी की पंच?

रिअर साइट, म्हणजे नेम धरायची मागची साइट, अर्धा मिलिमीटर हलली तर काय बिघडतं? पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये 500 मिमी अंतर धरा. 10 मीटरवर छर्रा 10 मिमी सरकतो, म्हणजे 10 मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर चक्क चार रिंगा. आणि आपण छर्रे बदलत बसतो, स्वतःच्या हातावर शंका घेतो.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि साइट चिमटीत धरून हलवा. ढिलाई नेमकी कुठे आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

स्क्रू सैल असेल तर थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत सुकून स्क्रू धरून ठेवणारा द्रव. स्प्रिंगच्या रायफलला दुहेरी झटका बसतो: आधी मागे, मग पिस्टन थांबताना पुढे. त्यानेच स्क्रू सुटतात. नुसता आवळून भागत नाही, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. माझ्या रायफलचा स्क्रू काढला तेव्हा आट्यांत काळं तेल घट्ट बसलेलं होतं. तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही. ॲसिटोनने आटे कोरडे करा, मध्यम ताकदीचा, निळा, एकच थेंब लावा आणि 24 तास हात लावू नका. लाल नको. तो सोडवायला स्क्रू चांगलाच तापवावा लागतो, आणि एवढ्याशा स्क्रूचं डोकं त्याआधीच जातं. साइट प्लास्टिकची असेल तर जपून. काही प्लास्टिकला थ्रेडलॉकरने तडे जातात.

साइट जिच्यात बसते ती खाच झिजली असेल तर पट्टी. स्क्रू घट्ट, तरी साइट डुलते? मग शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून खाचेत सरकवा. तो साधारण 0.1 मिमी जाडीचा असतो. बेतायला वेळ लागतो, पण चुकलं तर काढून टाकता येतं. मला हाच उपाय सर्वांत आवडतो.

खाचेत पंच (टोकदार पोलादी दांडी) मारून धातू थोडा वर उचलणं, म्हणजे साइट घट्ट बसते, झटपट होतं, पण खूण कायमची राहते आणि ब्लूइंगही (धातूवरचा निळा-काळा थर) जातं. जुन्या, जपलेल्या रायफलवर मी तरी मारणार नाही.

फक्त साइटचीच वरची पट्टी हलत असेल तर तिची स्प्रिंग थकली आहे किंवा पिन झिजली आहे. तिथे स्प्रिंग, पिन किंवा अख्खी साइटच बदला.

काहीही केलंत तरी नेम पुन्हा लावावा लागेल. तो लागला की स्क्रूच्या डोक्यावरून साइटवर रंगाची बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.