स्टॅन्ली-ब्राउन सेफ्टी प्लॅन: फॉर्म उत्तम, पण नुसती पीडीएफ पाठवून भागत नाही

आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाच्या हाती एकच कागद द्यायचा असेल, तर तो हाच असावा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बनवलेला हा एका पानाचा फॉर्म. असे विचार दाटून आले की काय करायचं, कोणाला गाठायचं, हे आधीच लिहून ठेवण्यासाठी. सहा पायऱ्या आणि प्रत्येकीखाली दोन-चार कोऱ्या ओळी. वैयक्तिक वापराला मोफत. मजकुरात बदल करायचा तर मात्र लेखकांची लेखी परवानगी लागते, त्यामुळे ग्रुपवर फिरणाऱ्या 'सुधारित' आवृत्त्यांपासून लांबच राहावं.

ऑनलाइन ग्रुपमध्ये कोणी 'आता सगळं नकोसं झालंय' असं लिहिलं की थोड्याच वेळात त्याच्या इनबॉक्समध्ये हा फॉर्म येऊन पडतो. पाठवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. पण हा फॉर्म दोघांनी बोलत बोलत भरायचा असतो आणि त्याला 20 ते 45 मिनिटं लागतात. एकट्याने भरलेला कागद बहुतेक वेळा 'गाणी ऐकेन, मित्राला फोन करेन' एवढ्यावरच थांबतो.

फॉर्म उघडण्याआधी सरळ विचारा: 'आत्महत्येचा विचार मनात येतोय का?' विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही; उलट आडपडदा न ठेवता कोणी विचारलं की बोलायला सोपं जातं. बेत ठरलाय, साधन हाताशी आहे किंवा काही करून झालंय असं उत्तर आलं, तर फॉर्म बाजूला ठेवा. तो अशा क्षणासाठी नाहीच. माणूस कुठे आहे आणि जवळ कोण आहे हे विचारा, आपत्कालीन सेवेला कळवा आणि मदत पोचेपर्यंत संवाद तोडू नका. ॲडमिनने हे एकट्याने अंगावर घेऊ नये. एकाने बोलत राहावं, दुसऱ्याने फोनाफोनी करावी.

पहिली पायरी धोक्याच्या खुणांची. 'टेन्शन आलं की' हे उत्तर कामाचं नाही. 'रात्री दोननंतरही जागा असतो, जुने मेसेज पुन्हा पुन्हा वाचतो, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो असं वाटत राहतं' हे कामाचं. त्याचेच शब्द उतरवा, सफाईदार करायला जाऊ नका. दुसऱ्या पायरीत एकट्याने करण्यासारख्या गोष्टी येतात. तिथे प्रत्येक ओळीमागे एक प्रश्न हवा: 'त्या वेळी हे खरंच करशील? आड काय येईल?' रात्री दोनला 'फिरायला जाईन' चालत नसेल तर तिथेच खोडून दुसरं काही शोधा.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत हमखास घोळ होतो. तिसरीत मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा. त्यांना काही सांगायची गरज नसते. चौथीत ज्यांना खरं सांगता येईल अशी माणसं. दोन्हीकडे तीच नावं आली तर चौथी पायरी पुन्हा विचारा. ग्रुपवरच्या ओळखीचं नुसतं युजरनेम लिहिणं धोक्याचं. ती व्यक्ती ऑफलाइन असली की ओळ फुकट. फोन नंबर हवाच.

पाचवी पायरी डॉक्टर, समुपदेशक आणि हेल्पलाइनची. इथे छापील प्रतीचा दोष दिसतो: तिच्यावर अमेरिकेतली हेल्पलाइन असते, जुन्या प्रतींवर तर 988 हा तिथला आताचा नंबर सुरू होण्याच्या आधीचा लांबलचक नंबर. तो खोडून आपल्या देशातला लिहा. भारतात टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास. लिहिण्याआधी एकदा लावून पाहिलेला बरा.

सहावी पायरी सर्वात मोलाची, आणि तीच कोरी राहते. आसपासची जागा सुरक्षित करणं, म्हणजे ज्या साधनाचा विचार मनात येतो ते हाताच्या अंतरावर न ठेवणं. विचारांची तीव्र लाट बऱ्याचदा थोडा वेळच टिकते. तेवढ्यात साधन दूर असेल तर ती ओसरायला अवधी मिळतो. लेखकांनी ही पायरी शेवटी ठेवली ती विचारपूर्वक: दुसरे मार्ग कागदावर दिसल्यावर माणूस साधन सोडायला लवकर तयार होतो. 'सांभाळून राहीन' हे उत्तर घेऊ नका. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहा: 'गोळ्यांचा साठा ताईकडे, घरात आठवड्यापुरत्याच, आज संध्याकाळी सातच्या आत.' हे बोलणं खाजगीतच करा. साधनांची चर्चा ग्रुपवर नको, वाचणाऱ्या इतरांनाही त्याचा धोका असतो.

'मला शब्द दे, काही करणार नाहीस' असं वचन मात्र घेऊ नका. त्याने जीव वाचतात याला पुरावा नाही, आणि शब्द दिलेला माणूस पुढच्या वेळी असे विचार लपवू शकतो.

या फॉर्मचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या 9 रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत झालेल्या अभ्यासात (2018) सेफ्टी प्लॅन आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या 6 महिन्यांत आत्मघाती वर्तन 3.03 टक्के दिसलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये 5.29 टक्के. पण पहिल्या गटाला फोनही येत होते, त्यामुळे सगळं श्रेय कागदाला देता येत नाही. म्हणून फॉर्म भरून झाला की पुढच्या तीन दिवसांत एकदा विचारपूस कराच. कागद कुठे ठेवलाय, कुठली ओळ उपयोगी पडली, कुठली बदलायची, एवढं विचारलं तरी पुरे. फोनमध्ये त्याचा फोटो असावा, कारण घरातल्या कपाटातला कागद बाहेर असताना सापडत नाही.